लांकडी हेडफोन : पहिले दहा दिवस



मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां साध्या क्रिस्टल सेटावर कार्यक्रम ऐकावयाचा तर कानांस हेडफोन लावल्यावांचून गत्यंतर नव्हतें. कर्णा वाजविण्याइतकी शक्तीच त्या सेटांत नसे. पुढें कर्णे आले, सारें घर एकत्र बसून ऐकूं लागलें, आणि हेडफोन तारायंत्रांच्या कचेऱ्यांत व विमानांत जाऊन बसला. आज तो घरांत परत आला आहे, आणि तोहि कसा, तर कोरीव लांकडाच्या वाट्या मिरवीत, दागिन्यासारखा मखमली पेटींत बसून!

असा एक जोड गेले दहा दिवस माझ्या घरीं आहे. आमच्या जांवईबापूंनीं तो नवा घेतला व “तुम्ही गाणें ऐकणारे, तुमचें मत सांगा” असें म्हणून ठेवून गेले. कारखान्याचें नांव मी सांगणार नाहीं. नभोवाणीवरून मालाची जाहिरात करूं नये, हा जुना शिरस्ता मला पसंत आहे. वाट्या अक्रोडाच्या, बनावट पाठीमागून बंद, वजन पावणेचारशे ग्रॅमच्या घरांत, आणि किंमत माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी. इतक्या पैशांत त्या लांकडानें कानास काय दिलें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

त्यासाठीं आंतील रचना थोडी समजून घेतली पाहिजे. हेडफोनांत आवाज उत्पन्न करतो तो एक पातळ पडदा. त्याला तारेचें बारीक वेटोळें चिकटविलेलें असतें व तें लोहचुंबकाच्या फटींत मागेंपुढें हालतें. पडदा पुढें सरला कीं हवेची लाट कानाकडे जाते. परंतु तितकीच लाट त्याच्या पाठीमागेंहि उठते व वाटींत शिरते. ही मागची लाट वाटीच्या भिंतीवर आपटून परतली, तर पडदा ओलांडून उशिरानें कानांत येते आणि मूळ स्वर गढूळ करते. म्हणून वाटीचें काम गाण्याचें नसून गिळण्याचें आहे.

येथेंच पुष्कळांचा गैरसमज होतो. मिरजेचा तंबोरा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना वाटतें कीं तुणीचें लांकूड आणि भोपळा जसे तारेचा नाद फुलवितात, तसेंच अक्रोडहि फुलवीत असेल. तंबोऱ्यांत तारेचें कंपन घोडीवरून तबकडीस पोंचतें, आणि हवा हालविण्याचें खरें काम तबकडी व भोपळा करतात; तेथें लांकडानें बोलावें हेंच इष्ट. हेडफोनाची वाटी तशी बोलूं लागली, तर भूप काय आणि तोडी काय, सगळ्यांवर एकच रंग चढेल. स्वयंपाकघरांतील स्टीलच्या पातेल्यावर टिचकी मारा, तें कितीतरी वेळ वाजत राहील. पोळपाटावर मारा, ‘टक्’ होऊन संपेल. तें चटकन् संपणें हाच हेडफोनाच्या लांकडाचा गुण. अर्थात् जाड प्लॅस्टिक आंतून नमदा लावून घेतलें, तर तेंहि बरेंचसें असेंच वागतें. वाटीचा आकार, आंतील नमदा आणि कानाभोंवतालची गादी यांचा परिणाम लांकडाच्या जातीहून मोठा असतो.

इतिहासांतील नांवें घेण्यास प्रत्यवाय नसावा. जपानच्या सोनी कंपनीनें १९८९ सालीं ‘एमडीआर-आर१०’ हा हेडफोन काढला. किंमत ३ लाख ६० हजार येन. त्याच्या वाट्या दोनशे वर्षें वयाच्या केयाकी वृक्षाच्या होत्या, ही गोष्ट शौकिनांच्या तोंडीं अजून आहे. त्याचा पडदा मात्र सूक्ष्म जंतूंकडून तयार करविलेल्या सेल्युलोजचा होता, ही त्याहून अद्भुत गोष्ट फारसें कोणी सांगत नाहीं. २०१८ मध्यें डेनॉन कंपनीनें बांबूच्या वाट्यांचा हेडफोन आणला. आणि बांबू तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानें गवत!

आतां ऐकण्याकडे वळतों. प्रारंभ किशोरी आमोणकरांच्या भूपानें केला. पहिलीं पांच मिनिटें खर्ज अगदीं पोकळ लागला. कारण माझा चष्मा. चष्म्याची दांडी गादीखालीं फट ठेवते, आणि बंद हेडफोनांतील मंद्र स्वरांचा जोर त्या फटींतून निसटून जातो. चष्मा काढून ठेवतांच तंबोऱ्याचा खर्ज भरून आला. त्यानंतर जें ऐकलें तें मात्र सुखाचें होतें. तंबोऱ्याचा प्रत्येक आघात निराळा, त्याच्या मागून उमलणारी जव्हारी निराळी, तान घेण्यापूर्वींचा श्वास, डग्ग्यावर तळवा घासून काढलेली घुमार. आणि हें सारें आवाज फारसा न चढवितां. पेटी मात्र किंचित् कोरडी व पुढें सरकलेली वाटते.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांस या श्रीमंतीचा लाभ नाहीं. १९३७ सालीं ते वारले. त्यांच्या काळच्या मुद्रणांत वरचे स्वरांश फारसे पकडलेच जात नसत, त्यामुळें येथें वाढते ती सुईची खरखर. खाँसाहेबांचा आवाज माझ्या लहान रेडिओवरहि तितकाच हृदयाला भिडतो. आणि कोणतेंहि मुद्रण लावा, गायक समोर येऊन बसत नाहीं. तो कपाळाच्या मागें कोठेंतरी बसतो. बैठकींत ऐकण्याची संवय असलेल्यांस हें चमत्कारिक वाटेल.

तुलनेसाठीं घरांतला दीड हजारांचा प्लॅस्टिकचा हेडफोन घेतला, आणि प्रथम दोहोंचा आवाज सारखा करून घेतला. कारण जो किंचित् मोठा वाजतो, तोच कानास गोड वाटतो. सारखा केल्यावर अंतर पुष्कळ कमी झालें, तरी उरलें. डोळे मिटूनहि ही परीक्षा निःपक्षपाती होत नाहीं, कारण डोक्याला वजन कळतें, आणि वजनाबरोबर किंमतहि आठवते.

दुसरी अडचण वयाची. कारखानदार चाळीस हजार कंपनांपर्यंतचे आंकडे छापतात. तरुण कानाची मर्यादा सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांची. साठी उलटल्यावर आमच्यापैकीं पुष्कळांस दहाबारा हजारांच्या वरचें कांहीं ऐकूं येत नाहीं. मी सहासष्टाव्या वर्षांत आहें. म्हणून तेरा वर्षांच्या नातीस भजनाचें मुद्रण ऐकविलें. दहा मिनिटांनीं ती म्हणाली, “आजोबा, झांजा टोंचतात.” मला त्या झांजा रेशमासारख्या लागत होत्या. तिचा शेरा मी जांवईबापूंस कळविणार आहें, कारण हेडफोन त्यांच्या कानांसाठीं आहे, माझ्या नव्हे.

विक्रेते सांगतात कीं असा हेडफोन शंभर तास वाजविल्यावांचून ‘मुरत’ नाहीं. माझ्या मतें मुरते ती मुख्यतः गादी, आणि कान सरावतो. गादी चौथ्यापांचव्या दिवशीं नरमली, नीट बसूं लागली, तेव्हां खर्ज आणखी सुधारला. म्हणून दुकानांत दहा मिनिटें ऐकून दोन महिन्यांचें वेतन मोजूं नये. मला विचाराल, तर पडदा आणि गादी यांचे पैसे मी देईन. अक्रोडाचे पैसे देईन ते डोळ्यांच्या सुखासाठीं.

आवाजाविषयीं एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल इतका आवाज आठवड्यास ४० तास, ही सुरक्षित सीमा सांगितली आहे; आवाज वाढला कीं हे तास झपाट्यानें घटतात. बंद वाटीमुळें बाहेरचा गोंगाट अडतो व हळू आवाजांत भागतें, हा लाभ आहे. मात्र दारावरची घंटाहि अडते. दूधवाला दोनदां परत गेल्यावर सौभाग्यवतींनीं सकाळचें ऐकणें बंद करविलें.

राहतां राहिली निगा. लांकडास तेल लावूं नये, उन्हांत ठेवूं नये. पावसाळ्यांत गादीच्या कातड्यावर बुरशी चढते, म्हणून ती मखमली पेटी मीं कपाटांत टाकली आहे, आणि हेडफोन कोरड्या फडक्यानें पुसून वारा लागेल अशा खुंटीवर टांगतों.