विसराळूपणा : वयाचा की आजाराचा?

वय झाले की माणूस विसरायचाच, असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसराळूपणाकडे आपण काणाडोळा करतो. पाहुण्याचे नाव आठवेना आणि तासाभराने आठवले, यात घाबरण्यासारखे काही नाही. पण जन्मभर बैलबाजारात तोंडी हिशेब केलेल्या माणसाला सुटे पैसे मोजता येईनात, रोजच्या शेताची वाट चुकू लागली, एकच प्रश्न घटकाभरात चारदा येऊ लागला, किंवा पीठ मळून झाल्यावर पुढे काय करायचे ते आजीला सुचेना, तर तो नुसता वयाचा विसर नव्हे. शेजारच्या म्हाताऱ्याशी तुलना करू नका. त्याच माणसाची दोन वर्षांपूर्वीची रीत आठवून पाहा.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे ७ जणांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निघाला. खेड्यांत तर प्रमाण शहरांहून जास्त आढळले.

आता कोणी म्हणेल, "आमच्या आबांना अक्षर येत नाही, ते कसली परीक्षा देणार?" शंका रास्त आहे. परदेशी चाचणीत वाक्य लिहायला सांगतात. म्हणूनच १९९० नंतर हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर खेडुतांसाठी निराळी चाचणी बसवली गेली. सकाळ आहे की दुपार? आंबा, खुर्ची, नाणे ही नावे थोड्या वेळाने पुन्हा सांगा. असे तिचे साधे प्रश्न. सुईही टोचत नाहीत.

चाचणीत गुण कमी पडले म्हणजे आजार ठरला असे मात्र नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा बिघाड, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, एवढेच काय कमी ऐकू येणे, यांनीही माणूस विसराळू दिसतो, आणि यांवर इलाज आहे. दोन-चार दिवसांतच भ्रम झाला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

स्मृतिभ्रंश निघालाच, तर औषधाने तो समूळ जात नाही. काहींना थोडा उतार पडतो. पण लवकर कळले तर सातबारा, बँकेचे खाते, वाटणी यांविषयी आबांना स्वतःच्या तोंडाने सांगता येते. पुढे अंगठ्यावरून भाऊबंदकी माजण्यापेक्षा ते बरे. फवारणीची औषधे मात्र आजच कुलपात ठेवा.

तपासणीला जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घ्या, आणि सुनेला बरोबर न्या. दिवसभर घरात काय घडते, ते मुलापेक्षा तिला जास्त ठाऊक असते.