तबकडीमागचा माणूस : जी. एन. जोशी

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, हे या सीमाभागातील रसिकांना ठाऊक असते. गाणाऱ्याचे नाव असे घरोघर पोहोचते; परंतु ज्याने गाणे तबकडीवर उतरविले, त्याचे नाव क्वचितच कोणाच्या स्मरणात राहते. जी. एन. जोशी हे अशांपैकीच एक.

१९०९ साली जन्मलेल्या जोशींनी वकिलीचे शिक्षण घेतले. ओढा मात्र गाण्याकडे होता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेला त्यांनी स्वतः चाल लावली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ती ध्वनिमुद्रिकेवर गायिली. नाट्यसंगीताचा तो काळ. रंगमंचाचा आधार नसलेली एक साधी कविताही श्रोत्याच्या मनात घर करू शकते, हे या तबकडीने दाखवून दिले. मराठी भावगीताच्या वाटचालीत तिला म्हणूनच आरंभीचा मान दिला जातो.

१९३८ साली जोशी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या सेवेत शिरले. तेथील काम सोपे नव्हते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तास दीड तास राग आळविणाऱ्या गायकाने आपले सर्वस्व तेवढ्या अवधीत कसे मांडावे? त्यातच टेप येण्यापूर्वी मुद्रण थेट मेणाच्या तबकडीवर होई; मध्येच चूक झाली, तर नवे मेण घेऊन पुन्हा आरंभापासून गावे लागे. कलावंत निवडणे, त्याची समजूत घालणे, चीज आटोपशीर करून घेणे आणि तरीही तिचा प्राण जाऊ न देणे, ही कामगिरी निर्मात्याची.

पुढे दीर्घ अवधीच्या तबकड्या आल्या आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. या सवलतीचा सुंदर उपयोग १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत झाला. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत रागांतून उलगडतो. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला यांची नावे गाजली. निर्माते होते जी. एन. जोशी.

या तबकडीत शब्द नाहीत. त्यामुळे निपाणीच्या मराठी घराला आणि शेजारच्या कानडी घराला ती सारखीच कळते. दुभाषा लागत नाही.

१९९४ साली जोशी निवर्तले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या. त्यांतही कौतुक आहे ते बहुधा इतर कलावंतांचेच. माळ्यावरच्या जुन्या तबकड्या भंगारात देण्यापूर्वी त्यांवरची धूळ एकदा झटकावी. प्रत्येकीमागे एक गळा असतो, आणि त्या गळ्याला योग्य वेळी योग्य जागी आणून उभा करणारा एक माणूसही असतो.