लुटीचे दोन शब्द : यशयाच्या दहाव्या अध्यायातील सत्ताधीश आणि विधवा

यशयाच्या ग्रंथातील दहावा अध्याय अभ्यासकांस परिचित आहे तो अश्शूरच्या गर्विष्ठ राजामुळे. कुऱ्हाडीने ती चालविणाऱ्यापुढेच बढाई मारावी, तसे या राजाचे वर्तन संदेष्ट्यास वाटते. परंतु अध्यायाचा आरंभ अश्शूरपासून होत नाही. तो यशयाच्या स्वकीयांपासून होतो. याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

पहिल्या चार वचनांत धिक्कार आहे तो अन्यायाचे निर्बंध करणाऱ्यांचा व जुलमाचे लेख लिहिणाऱ्यांचा. येथे शस्त्र लेखणीचे आहे. दुर्बलांचा हक्क कायद्याच्याच वाटेने हिरावला जातो. विधवा या अधिकाऱ्यांची ‘शालाल’ होतात आणि पोरक्यांवर ‘बज’ या धातूने सांगितलेली लूट ओढवते. हे दोन्ही शब्द प्रामुख्याने युद्धातील लुटीचे होत. पुढे सहाव्या वचनात अश्शूरला आज्ञा मिळते तीही याच दोन शब्दांत. यशयाने आपल्या मुलाचे नाव महेर-शालाल-हाश-बज ठेवल्याचे आठव्या अध्यायात आलेच आहे. तेव्हा ही पुनरुक्ती आकस्मिक मानणे कठीण. ज्यांनी घरच्या विधवेस शत्रूप्रमाणे लुटले, त्यांच्या दारी शत्रूच लुटीसाठी येतो.

पहिली चार वचने त्यांतील पालुपदामुळे मागील अध्यायातील काव्याशी जोडली जातात. काही अभ्यासक तर त्यांचे मूळ स्थान पाचव्या अध्यायात मानतात. हे मान्य केले, तरी ज्याने त्यांना येथे ठेवले त्याला हा संबंध दिसला असावा, असे आम्हांस वाटते. पाचवे वचनही पहिल्याप्रमाणेच ‘होई’ या उद्गाराने सुरू होते, आणि हा उद्गार मृतासाठी करावयाच्या विलापातला आहे.

अश्शूरचा राजा जिंकलेल्या नगरांची यादी देतो. तीत कर्कमीश आहे, ते इ. स. पू. 717 मध्ये दुसऱ्या सारगोनने घेतले, म्हणून हे भाषण त्यानंतरचे ठरते. सोडून दिलेल्या घरट्यातील अंडी गोळा करावीत तशी आपण राष्ट्रांची संपत्ती गोळा केली, एक पंखही फडफडला नाही, असे तो म्हणतो. इ. स. पू. 701 च्या स्वारीविषयी सन्हेरीबाच्या कोरीव लेखात 46 तटबंद नगरे घेतल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे यरुशलेमात कोंडल्याचा उल्लेख आहे. दोन्हीकडे पक्षी यावा हे लक्षणीय. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा : अश्शूरचे राजे आपल्या लेखांत जयाचे श्रेय अश्शूर देवास देतात, यशयाचा राजा केवळ स्वतःच्या बाहुबलास व बुद्धीस देतो. हे चित्र हुबेहूब नाही. ते हेतुतः उघडे केलेले आहे.

पुढील अध्यायात दावीदाच्या वंशातील आदर्श राजा येतो. दहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात ज्यांचा न्याय डावलला गेला, त्याच ‘दल्लीम’चा, म्हणजे दुबळ्यांचा, न्याय तो नीतीने करतो. अश्शूरला ईश्वराच्या क्रोधाची काठी म्हटले होते. काठीसाठीचा तोच शब्द येथे पुन्हा येतो, पण ही काठी राजाच्या मुखाची आहे.