उळं, आंब आणि दहा फुटांची सावली

विलायतेत ऑक्टोबर सरत आला की बागवाल्यांची आवराआवर सुरू होते. डेलियाचे कंद उकरून खोक्यात भरायचे, पाइपातलं पाणी काढून टाकायचं (गोठलं तर पाइप फुटतो), अवजारांना तेल पुसायचं आणि मार्चपर्यंत बागेला रामराम. कळवणला त्याच दिवसांत माणसं कुदळ बाहेर काढतात. पावसाळ्यात माजलेलं गवत आणि वाळलेले दोडक्याचे वेल उपटले जातात, माती उन्हात तापायला पडते आणि घरोघरी एकच चौकशी चालते : यंदा कुणाकडे कसलं बी आहे? नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळ्यात, हिवाळ्याची तयारी म्हणजे बाग उघडण्याची तयारी.

प्रयोगशाळा देवघरात

पहिली पायरी बऱ्याच घरांत नवरात्रातच पार पडते, फक्त तिला कुणी शेतीकाम म्हणत नाही. पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा पेरायचा आणि मधोमध घट बसवायचा. पुढचे नऊ दिवस तुरे कसे येताहेत हे सगळं घर बघतं आणि दसऱ्याला तेच तुरे टोपीत खोचून माणसं सोनं लुटायला निघतात. उगवणशक्तीची चाचणी याहून वेगळी काय असते?

परसासाठी तीच युक्ती लहान करून वापरा. वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि फडकं आठवडाभर ओलसर ठेवायचं. पंधरा-सोळा मोडावले तर बी चांगलं. दहाच मोडावले तर पेरताना हात सैल सोडायचा. त्याहून कमी असतील तर पुडी दुकानदाराला नेऊन दाखवायची. सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यातच आहे, त्यामुळे कोजागरीला कावडी घेऊन येणाऱ्यांची रस्त्यावर रीघ लागते. तोवर वाफे तयार असले की पुढची घाई टळते.

सूर्य सरकतो, बाग तिथंच राहते

कळवण साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. २१-२२ डिसेंबरला मात्र साडेबाराच्या सुमारास, दिवसातल्या सगळ्यात उंच जागीसुद्धा, तो क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो. म्हणजे भिंत दहा फूट असेल तर भर दुपारी तिची सावली उत्तरेकडे जवळजवळ तेवढीच लांब पडते. पावसाळ्यात लख्ख वाटणारा घरामागचा कोपरा डिसेंबरात दिवसभर गारठलेला का राहतो, याचं हे उत्तर.

तेव्हा वाफे आखण्याआधी दक्षिण कुठे आहे ते बघा. टोमॅटो, वांगी आणि वाटाण्याला भरपूर ऊन लागतं. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना थोड्या सावलीतही नांदतात. गच्चीवाल्यांना ही अडचण नाही. तेलाचे डबे, फाटक्या कांदागोण्या आणि द्राक्षांचे जुने क्रेट भरून त्यांची बाग उन्हामागे सरकवता येते.

वाफाळणारा उकिरडा

पहाटे शेणखताच्या ढिगातून वाफ निघताना दिसते ती नुसती धुई नसते. कुजवणारे जिवाणू कामाला लागले की मोठ्या ढिगाच्या पोटातलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं आणि त्या उष्णतेत तणांचं बीही मरतं. ढीग गार झाला आणि शेणाचा वास जाऊन मातीचा वास आला, की खत वापरायला तयार. ताजं शेण वाफ्यात घातलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण, शिवाय गाजराला फाटे फुटतात. आपल्या काळ्या चिकणमातीत गाजर तसंही वाकडं होतं. वरंबा उंच करून त्यात थोडी वाळू मिसळली की ते सरळ उतरतं. आणि गाजर जागेवरच पेरायचं. रोप करून उपटून लावलं की त्याचा सोटा दुखावतो.

भोगीपासून उलटं मोजा

हिवाळी परसबागेचं वेळापत्रक कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा एका भाजीत नीट सापडतं : भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत. गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे ओले घाटे, वांगं, घेवडा, वाल असं सगळं एका पातेल्यात, वरून तीळ आणि बाजरीची भाकरी. संक्रांत सौर गणिताने येते, त्यामुळे दिवाळीसारखी महिनाभर मागेपुढे होत नाही. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, क्वचित १४ला. उलट्या मोजणीला याहून पक्की तारीख मिळणार नाही.

गाजराला नव्वद-शंभर दिवस धरा. १३ जानेवारीतून शंभर दिवस वजा केले की ५ ऑक्टोबर येतो. वांग्याचं रोप तयार व्हायला पाच आठवडे आणि लावल्यावर पहिलं फळ यायला दोन-सव्वादोन महिने, म्हणजे बी सप्टेंबरातच पडायला हवं. वाटाणा साठ-पंचाहत्तर दिवसांचा, तो दिवाळीच्या सुमारास लावला तरी चालतो. हरभऱ्याचे घाटे हिरवेच हवेत, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर चार ओळी टोचून ठेवायच्या. थंडी कडक पडली तर सगळंच आठ-दहा दिवस लांबतं, तेवढी मोकळीक ठेवा. तीळ आणि बोरं मात्र बाजारातून आणायला हरकत नाही, भोगी रागवत नाही.

वांग्याची आणखी एक तारीख आहे. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला, भरीत होऊन परत येतं. त्या मुहूर्ताला स्वतःच्या झाडाचं वांगं चुलीवर भाजायचं असेल तर रोपं श्रावण-भाद्रपदातच तयार करावी लागतात.

वाटाण्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो : आनुवंशिकतेचं शास्त्र परसातल्या वाटाण्यातून उगवलं. ग्रेगॉर मेंडेल यांनी बर्नो गावच्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २८,००० झाडं तपासली. त्यांतले किती वाटाणे मठाच्या स्वयंपाकघरात गेले, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

भाजीच्या टोपलीतल्या गमती

आपला देशी पालक हा पोपायच्या डब्यातल्या पालकाचा सख्खा भाऊ नाही. तो बीटच्याच जातीतला, फक्त कंदाऐवजी पानांसाठी वाढवलेला. शेजारी बीट लावून पानं ताडून पाहा.

धना हे बी नव्हे, फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून तो चपलेखाली किंवा बाटलीने हलका रगडून पेरायचा. डाळ झाली की दोन रोपं मिळतात आणि उगवणही लवकर होते. तरी आठवडा-दहा दिवस वाट पाहावी लागतेच. तिसऱ्या दिवशी वाफा उकरून बघणाऱ्यांनी मेथी लावावी, ती तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. मेथी कडधान्याच्या कुळातली आहे, मुळांच्या गाठींत हवेतला नत्र साठवते, तेव्हा कापणी करून मुळं मातीतच राहू द्यावीत.

फ्लॉवर हिंदुस्थानात आला १८२२ साली, विलायतेहून सहारनपूरच्या कंपनी बागेत. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यातही कुणी फ्लॉवरची भाजी खाल्लेली नव्हती.

गाजर, कोबी, पालक थंडीत गोड लागतात, हा मनाचा खेळ नाही. पाण्यात साखर विरघळली की ते लवकर गोठत नाही, म्हणून गारठा जाणवताच ही झाडं पेशींत साखर साठवू लागतात. बिचारी स्वतःचा जीव वाचवतात आणि आपण किसून कोशिंबीर करतो.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या आठवणीसाठी झेंडूची आरास करतात, म्हणजे आपली दिवाळी आणि त्यांचा तो सण बऱ्याचदा एकाच पंधरवड्यात एकाच फुलावर साजरे होतात. झेंडूच्या मुळांतून झिरपणारं द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं. दिवाळीनंतर झेंडू उपटलेल्या जागी टोमॅटो किंवा वांगी लावण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

वालाला घड्याळ कळतं

जुन्या जातीचा वाल जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये. मांडवभर पसरेल, कौलांवर चढेल, पण फूल दाखवणार नाही. दसऱ्यानंतर रात्री लांबल्या की मग एकाएकी तुरे येतात. शेवंतीचंही तेच. झाडं दिवस किती लांब आहे त्यावरून फुलण्याची वेळ ठरवतात हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूवरून दाखवून दिलं. याच गुणाचा फायदा घेऊन शेवंतीचे बागायतदार रात्री दिवे लावतात आणि फुलं हव्या त्या सणापर्यंत लांबवतात. परसातली शेवंती नोव्हेंबर उलटला तरी कळी धरत नसेल तर खताला दोष देण्याआधी वर बघा. रस्त्याचा दिवा तिच्या डोक्यावरच असेल.

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती असलंच गावठी बियाणं जपल्याबद्दल. त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे नाना प्रकार आहेत. कळवणच्या पश्चिमेकडच्या कोकणा आदिवासींच्या पाड्यांवरही म्हातारीच्या गाठोड्यातून वालाचं बी निघतं. मागून घ्या, ते पुडीवर मिळणार नाही.

हरभऱ्यावरची आंब

हिवाळी परसातली सगळ्यात अजब गोष्ट हीच. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केस असतात आणि त्यांतून आंबट द्रव पाझरतो, मुख्यतः मॅलिक आम्ल आणि थोडं ऑक्झॅलिक. रात्री दव पडलं की ते त्यात मिसळतं. जुनी माणसं संध्याकाळी झाडांवर स्वच्छ पांढरं फडकं पसरत आणि पहाटे पिळून बाटलीत भरत. ही आंब. पोटदुखी-अपचनावर थेंबभर पाण्यातून देत. औषधाची खात्री मी देत नाही, पण सकाळी एक पान चाटून बघा, जीभ खडबडून जागी होते.

झाड वीतभर झालं की शेंडे खुडायचे. खुडलं की फांद्या फुटतात, फांद्या फुटल्या की घाटे वाढतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच.

पारा घसरला की

जिल्ह्यातल्या थंडीची बातमी दरवर्षी निफाडहून येते. तिथल्या गहू संशोधन केंद्रात तापमान नोंदलं जातं आणि २०१८च्या डिसेंबरात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. (याच केंद्राने काढलेल्या गव्हाच्या वाणांची नावं त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी अशी आहेत. पिशव्या ओळीने लावल्या की नाशिक दर्शन पूर्ण.) गव्हाला हा गारठा मानवतो, टोमॅटोला नाही. रात्रीचं तापमान तेरा अंशांखाली गेलं की त्याची फुलं फळ न धरताच गळू लागतात.

द्राक्षवाले अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. परसात तेवढ्याची गरज नाही. ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त धरून ठेवते, म्हणून गारठ्याचा अंदाज असेल तर दुपारीच मुळाशी पाणी द्या. संध्याकाळी पानांवर मात्र उडवू नका, रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी हमखास येते. विहीर असेल तर उत्तमच. खोल पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, म्हणून थंडीत पहाटे ते कोमट लागतं आणि रोपांनाही सोसतं.

उळं, रोप, डोंगळा

कळवणच्या परसात कांदा नसणं म्हणजे कोकणात नारळ नसणं. कांद्याच्या बियाण्याला इकडे उळं म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उळं टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत रोप लावायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढायचा. परसवाल्याने उळं टाकायची तसदीही घेऊ नये. लागवडीच्या दिवसांत कुणाच्या तरी वावरात चार जुड्या रोप उरतंच, आणि उरलेलं रोप मागायला लाजायचं नसतं.

कांदा मुळात दोन वर्षांचं पीक आहे. पहिल्या हंगामात गड्डा धरतो, दुसऱ्या हंगामात दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोळा येतो, तो डोंगळा. पुढच्या सालचं उळं त्यातूनच मिळतं. स्वयंपाकघरात मोड आलेला कांदा फेकण्याऐवजी नोव्हेंबरात मातीत खोचला तर आधी पात मिळते आणि पुढे डोंगळ्यावर मधमाश्या. लसणाच्या पाकळ्याही याच सुमारास टोचायच्या, टोक वर. त्याला सुरुवातीला गारवा मिळाला नाही तर गड्ड्यात पाकळ्या सुट्या होत नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर गिरणेवरचं चणकापूर धरण १९११ सालचं. रब्बीचं आवर्तन सुटलं की सगळ्या वावरांत बाऱ्या लागतात. परसातही बारी लावा : पालेभाजीला एक दिवसाआड, वांग्या-टोमॅटोला चार दिवसांनी, हरभऱ्याला जवळजवळ नाहीच.

एकाला कापा, एकाला तहानलेलं ठेवा

मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटलं, तेव्हा गुलाबाला विसरून चालणार नाही. द्राक्षाची गोडी छाटणी चालते त्याच ऑक्टोबरात गुलाबही छाटून घ्यायचा, दीड महिन्यात फुलं येतात. तुळशीच्या मंजिऱ्या तिचं लग्न लागलं की खुडून टाका, नाहीतर ती सगळी ताकद बियांत घालते आणि थंडीत खराटा होते.

मोगऱ्याचं गणित या सगळ्यांच्या उलट. डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, जानेवारीत छाटून खत घालायचं आणि मग भरपूर पाणी सुरू करायचं. उन्हाळा लागताच कळ्यांनी लगडतो. अवघड भाग फक्त डिसेंबरचा. शेजारचे सगळे वाफे भिजत असताना तो एकटाच सुकलेला दिसतो, म्हणून घरातल्या आजीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर कुणाचं लक्ष नसताना ती त्याच्या बुडाशी तांब्याभर ओततेच.