गाडीचं इंजिन वेळेआधी का बसतं? आणि दोष कंपनीचा असेल तर?



आपल्यासारख्या पगारदार घरात चारचाकी येते ती बहुतेक वेळा कर्जावर. पाच-सात वर्षांचे हप्ते असतात आणि त्या हिशोबाने घरातले बाकीचे खर्च मागे-पुढे केलेले असतात. गाडी निदान हप्ते फिटेपर्यंत तरी कुरकुर करणार नाही एवढीच आपली अपेक्षा असते. पण काही घरांत हप्ते चालू असतानाच मेकॅनिक सांगतो, "इंजिनचं काम निघालंय." हा खर्च टायर किंवा बॅटरीसारखा किरकोळ नसतो. कधी कधी तो गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जातो. त्यातच शोरूमवाले म्हणतात की चूक तुमची, आणि आपण म्हणतो की चूक कंपनीची.

मग खरं कोणाचं? हे समजायला इंजिन आतून कसं चालतं ते थोडं माहीत हवं. विषय तांत्रिक वाटेल, पण आपण विज्ञानात शिकवतो त्या 'घर्षण' पाठापलीकडचं यात फारसं काही नाही.

इंजिनाच्या पोटात काय चालतं?

पेट्रोल इंजिनात नळकांडी असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या म्हणजे पिस्टन वर-खाली होतो. हवा आणि पेट्रोल आत येतं, दाबलं जातं, ठिणगीने पेटतं आणि त्या स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो. मग जळका वायू बाहेर जातो. ही चार पावलं पुन्हा पुन्हा चालू राहतात.

पिस्टन सरळ रेषेत वर-खाली होतो, पण चाकाला हवं असतं गोल फिरणं. हे काम क्रँकशाफ्ट नावाचा वाकडा दांडा करतो. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारी सळई म्हणजे कनेक्टिंग रॉड. सायकल आठवा: आपला पाय वर-खाली होतो आणि पॅडलचा दांडा गोल फिरतो. इथे मांडी म्हणजे पिस्टन, पोटरी म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि पॅडलचा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट.

आता एक गणित. समजा इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेतंय आणि गाडीचा सरासरी वेग तासाला ४० किलोमीटर आहे. तासाला झाले १,२०,००० फेरे, म्हणजे एका किलोमीटरला ३,००० फेरे. गाडी १ लाख किलोमीटर चालली की क्रँकशाफ्टचे ३० कोटी फेरे होतात! धातूवर धातू इतक्या वेळा घासला तर तो टिकेल कसा?

टिकतो, कारण मध्ये तेल असतं

मुलांना दोन्ही तळहात जोरजोरात घासायला सांगा. हात गरम होतात. मग दोन थेंब खोबरेल तेल घेऊन पुन्हा घासायला सांगा. हात सरकतात, तापत नाहीत. इंजिन ऑइलचं पहिलं काम हेच.

कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकशाफ्टला धरतो तिथे गुळगुळीत धातूच्या पातळ वाट्या बसवलेल्या असतात. त्यांना बेअरिंग म्हणतात. इंजिन चालू असताना बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा एक थर असतो, केसापेक्षाही कितीतरी पातळ. धातू धातूला जवळजवळ टेकतच नाही, तो त्या थरावर तरंगतो. तेलाचा पंप हे तेल क्रँकशाफ्टच्या आत पाडलेल्या बारीक भोकांतून बेअरिंगपर्यंत पोचवतो.

हे तेल काही क्षण जरी अडलं तरी बेअरिंग तापतं, झिजतं आणि सैल होतं. मग इंजिनमधून ठक ठक ठक असा ठोका ऐकू येतो आणि वेग वाढला की ठोकाही वाढतो. तरी गाडी तशीच दामटली तर बेअरिंग शाफ्टला चिकटतं आणि इंजिन जाम होतं. आपण म्हणतो 'इंजिन बसलं', ते हे. कधी कधी रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. गरम तेल बाहेर उडालं तर आगही लागू शकते. महामार्गावर मागून ट्रक येत असताना गाडी अचानक बंद पडणं किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको.

चूक कोणाची असू शकते?

प्रत्येक वेळी कंपनीच दोषी असते असं नाही. मालकाकडून या गोष्टी होतात:

१. ऑइल वेळेवर न बदलणं. जुनं तेल घट्ट होऊन त्याचा गाळ बनतो आणि बारीक वाटा तुंबतात.
२. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडऐवजी मिळेल ते तेल घालणं.
३. तेलाची पातळी कधीच न बघणं.
४. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला तरी 'घर जवळच आहे' म्हणून गाडी चालवत राहणं.
५. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी घालणं आणि बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी गेलं की रॉड वाकतो.

पण मालकाने हे सगळं सांभाळलं आणि तरीही इंजिन बसलं तर? असं घडलेलं आहे, आणि लाखो गाड्यांच्या बाबतीत घडलेलं आहे.

अमेरिकेतली गोष्ट

ह्युंदाई आणि किया या दक्षिण कोरियाच्या कंपन्या. त्यांचं 'थीटा टू' नावाचं पेट्रोल इंजिन अमेरिकेत सोनाटा, सांता फे, ऑप्टिमा, सोरेंटो, स्पोर्टेज अशा घरगुती गाड्यांत बसवलेलं होतं. काही वर्षांतच मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या की इंजिन ठोके देतं आणि चालत्या गाडीत बंद पडतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेतल्या २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. याला रिकॉल म्हणतात. कारण असं दिलं की अलाबामा राज्यातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टला तेलाची भोकं पाडताना धातूचा जो कीस निघतो तो पूर्ण साफ झाला नव्हता. आपण वर पाहिलं, बेअरिंगला तेल याच भोकांतून जातं. तिथेच कीस राहिला तर तेल अडणार आणि बेअरिंग जाणार. मालकाने कितीही चांगलं ऑइल घातलं तरी त्याचा उपयोग नाही, कारण कचरा कारखान्यातूनच आत आलेला!

कियाच्या गाड्यांतही हेच इंजिन होतं, पण २०१५ मध्ये त्या रिकॉलमध्ये आल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये मात्र दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या परत बोलावल्या.

मालक एवढे का चिडले?

यंत्र बिघडतं हे सगळ्यांना कळतं. चीड आली ती नंतरच्या वागणुकीची.

पहिली गोष्ट, उशीर. दोष कळल्यावर वेळेत रिकॉल करणं हे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने चौकशी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये दंडाचा आदेश झाला: ह्युंदाईसाठी एकूण १४ कोटी डॉलर आणि कियासाठी ७ कोटी डॉलर. रिकॉल वेळेवर केले नाहीत आणि खात्याला काही माहिती चुकीची दिली, असा ठपका होता. यातला काही भाग रोख दंड, काही सुरक्षेवर खर्च करायचा आणि काही अटी मोडल्या तरच भरायचा, अशी विभागणी होती.

दुसरी गोष्ट, पुराव्याचं ओझं. मालक इंजिन बदलून मागायला गेला की 'ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या दाखवा' असं सांगितलं जाई. घरीच ऑइल बदलणारे किंवा सेकंडहँड गाडी घेतलेले लोक यात अडकले. पहिल्या मालकाने सर्व्हिसिंग कुठे केलं हे दुसऱ्याला काय माहीत?

तिसरी गोष्ट, वाट बघणं. इतकी इंजिनं एकदम कुठून आणणार? काहींच्या गाड्या आठवडेच्या आठवडे सर्व्हिस सेंटरला उभ्या राहिल्या. तिकडे बऱ्याच गावांत बस नाही, मग कामावर जायचं कसं आणि मुलांना शाळेत सोडायचं कसं?

शेवटी मालकांनी एकत्र येऊन दावे दाखल केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तडजोड जाहीर झाली. त्यात या गाड्यांच्या इंजिनाच्या मुख्य भागाला आयुष्यभराची वॉरंटी मिळाली, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही लागू. केलेल्या दुरुस्तीचा खर्च परत मागायची सोयही झाली. इंजिन बसण्याआधीच कंपनं ओळखून दिवा लावणारं सॉफ्टवेअर गाड्यांत टाकलं गेलं.

आतल्या माणसाने सांगितलं

या प्रकरणात एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: किम ग्वांग-हो. ह्युंदाईत २५ हून जास्त वर्षं काम केलेले हे इंजिनिअर. कंपनी इंजिनाच्या दोषाबद्दल पुरेसं पाऊल उचलत नाही असं त्यांना दिसलं. २०१६ मध्ये ते कागदपत्रं घेऊन अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याकडे गेले. कंपनीची गुपितं फोडली म्हणून त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली.

अमेरिकेत २०१५ पासून असा कायदा आहे की वाहनातला गंभीर सुरक्षा-दोष उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला वसूल झालेल्या दंडाच्या १० ते ३० टक्के बक्षीस देता येतं. दोन्ही कंपन्यांचा रोख दंड मिळून ८ कोटी १० लाख डॉलर होता. त्याचे ३० टक्के काढा बरं! २ कोटी ४३ लाख. नोव्हेंबर २०२१ मध्ये किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस जाहीर झालं. त्या कायद्याखालचं हे पहिलंच बक्षीस.

आपण काय करायचं?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने कलम ११० अ आलं. चालक, प्रवासी, रस्त्यावरचे लोक किंवा पर्यावरण यांना धोका होईल असा दोष असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं वेगळं प्रकरणच आहे. पण कायदा कामाला येतो तो कागद असेल तरच. म्हणून:

१. प्रत्येक ऑइल बदलाचं पक्कं बिल घ्या. त्यावर तारीख, गाडी क्रमांक, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड हवा. गल्लीतल्या गॅरेजमध्ये केलं तरी बिल मागा. फोटो काढून ठेवा, छापील शाई वर्षभरात उडते.
२. महिन्यातून एकदा सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बघा. पाच मिनिटांचं काम आहे.
३. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा ठोका ऐकू आला तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच बंद करा. आवाजाचा व्हिडिओ करा आणि गाडी टो करून न्या.
४. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' एवढंच लिहू देऊ नका.
५. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. तोंडी उत्तर पुढे कोणी मान्य करत नाही.
६. वाद असेल तर बाहेर कुठेही इंजिन उघडू नका. उघडलेलं इंजिन म्हणजे गेलेला पुरावा.
७. सेकंडहँड गाडी घेताना सर्व्हिसचा इतिहास मागा आणि चासी नंबरवरून काही रिकॉल बाकी आहे का ते कंपनीकडे विचारा.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये. मात्र 'गाडी खराब निघाली' एवढं म्हणून भागत नाही. दोष उत्पादनातलाच आहे हे दाखवायला सहसा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. सहाव्या मुद्द्याचं महत्त्व इथे कळेल.

वर्गासाठी

शिक्षकांनी हा विषय तीन ठिकाणी जोडता येईल. विज्ञानात तळहात आणि तेलाचा प्रयोग. गणितात फेऱ्यांचा गुणाकार आणि बक्षिसाची टक्केवारी. आणि मूल्यशिक्षणात किम यांची गोष्ट. वर्गात रोज कोणीतरी येऊन सांगतं, "याने असं केलं, त्याने तसं केलं," आणि बाकीची मुलं ओरडतात, "चुगलखोर!" मुलांना विचारा: किम यांनी केली ती चुगली की तक्रार? दोन्हींत फरक काय? कोणाला त्रास व्हावा म्हणून सांगणं आणि कोणाचा जीव वाचावा म्हणून सांगणं, हे मुलं स्वतःच्या शब्दांत कसं मांडतात ते लिहून घ्या. चौथी-पाचवीची मुलं यावर फार नेमकं बोलतात.

पालकहो, तुमच्या गाडीची बिलं कुठे आहेत ते आजच एकदा बघा. एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावायचं काम मुलांना द्या. तेवढाच त्यांना तारखांचा क्रम लावायचा सराव होईल.