वास गेला, पण कुठे?

घरी मासे पाळणारे नळाचं पाणी थेट टाकीत ओतत नाहीत. बादलीत रात्रभर उघडं ठेवतात, म्हणजे क्लोरीन उडून जातो. हीच युक्ती पंखा लावून मोठ्या प्रमाणावर केली की तिला एअर स्ट्रिपिंग म्हणतात.

उंच मनोऱ्यात प्लॅस्टिकच्या पोकळ, जाळीदार चकत्या भरलेल्या असतात. वरून पाणी शिंपडायचं, खालून हवा सोडायची. पाणी चकत्यांवरून पापुद्र्यासारखं घरंगळतं. एका घनमीटर भरावात त्याला शंभर-दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. बेंझीन, टोल्युइन, क्लोरोफॉर्म अशी बाष्पनशील सेंद्रिय संयुगं मग हवेत निघून जातात. का, ते इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने 1803 मध्ये सांगितलं: पाण्यात वायू किती विरघळून राहील, हे वरच्या हवेत त्याचा दाब किती यावर ठरतं. गोटी सोडा फोडला की फसफसतो, तो यामुळेच. पाण्यात लोह असेल तर मात्र चकत्यांवर तांबूस थर चढतो आणि मनोरा तुंबतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हे आठवतं ते खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे. खाली दाभोळची खाडी, आणि मासे मेल्याच्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या. मनोरा लावला की प्रश्न मिटला, असं मात्र नाही. अ‍ॅसिटोन, मिथेनॉल पाणी सहज सोडत नाहीत. 25 अंशांना बेंझीनची हवेकडची ओढ अ‍ॅसिटोनच्या शंभरपटीहून जास्त असते. क्षार, जड धातू तर जागचे हलतही नाहीत. म्हणून माझ्या मते स्ट्रिपिंग करायचं ते ज्या त्या कारखान्यातच, सांडपाणी एकमेकांत मिसळण्याआधी. वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापर्यंत वाट पाहिली, तर तिथल्या उघड्या वायुवीजन टाक्यांत ते आपोआप होतंच. काही रसायनं जिवाणू खातात, उरलेली बुडबुड्यांबरोबर वर येतात आणि थेट आसपासच्या वाड्यांच्या हवेत जातात. पाण्याच्या तपासणीत आकडा उतरतो, एवढंच.

खरं काम म्हणूनच मनोऱ्याच्या माथ्याशी आहे. तिथून सुटणारी हवा सक्रिय कोळशातून न्यावी लागते. हा कोळसा उत्तम होतो नारळाच्या करवंटीपासून, जी कोकणात चुलीत जाते. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो, पण तोही कधीतरी भरतो. मग बदलायचा. कधी, हे यंत्राने मोजूनच ठरवावं लागतं. नाकाला बेंझीन कळेपर्यंत सुरक्षित पातळी केव्हाच ओलांडलेली असते.