किक पायाची, कसब हाताचं

फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, सामना टीव्हीवर लावला की नजर आपसूक पायांवर जाते. क्रिकेटचंच भलंमोठं लंबगोल मैदान, दोन्ही संघांचे मिळून छत्तीस खेळाडू आणि पन्नास मीटरवरून चार खांबांच्या दिशेने झेपावणारा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. किकमधला जोर डोळ्यांत भरतो. पण जरा वरच्या पातळीचा सराव कुंपणाला रेलून पाहिला की लक्षात येतं, पायांना तिथे फारसं कुणी काही सांगतच नाही. ओरडा बसतो तो हातांना.

माझी भाची मेलबर्नच्या एका उपनगरातल्या क्लबकडून सोळा वर्षांखालच्या मुलींच्या संघात खेळते. ऑस्ट्रेलियन रूल्सची महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली 2017 मध्ये. आपल्यालाही पुढे जाऊन व्यावसायिक खेळता येईल, हे गृहीत धरूनच वाढलेल्या या मुली आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्यांचा सराव असतो. जूनमध्ये साडेपाचलाच अंधारून येतं, दिवे लागतात, गवत ओलं असतं. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी हिवाळ्यापुरती झाकून ठेवलेली असते. हा शेजार जुनाच. क्रिकेटवाल्यांची अंगं हिवाळ्यात सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं पत्र टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने 1858 मध्ये वर्तमानपत्राला लिहिलं आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम कागदावर उतरले.

आज सर्रास मारली जाते ती किक म्हणजे ड्रॉप पंट. चेंडू उभा धरायचा, दोरीची वीण समोरच्या बाजूला, बोटं दोन्ही अंगांना पसरलेली, वरचं टोक किंचित आपल्याकडे झुकलेलं. उजव्या पायाने मारायची असेल तर डावा हात आधी सुटतो आणि तोल सांभाळायला बाजूला जातो. उजवा हात चेंडूला पार मांडीपाशी नेतो आणि मगच सोडतो. काठोकाठ भरलेली वाटी ओट्यावर ठेवावी, तसा. चेंडूचं खालचं टोक बुटाच्या नाड्यांवर नेमकं बसलं की तो उलटा गरगरत निघतो. ही उलटी फिरकी त्याला हवेत सरळ ठेवते आणि झेलणारीलाही सोपी पडते.

बूट आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरती. तेवढ्यात काही सुधारायला वाव नसतो. हातातून सुटताना चेंडू तिरपा असेल तर तो तिरपाच बुटावर पडणार आणि भलतीकडे उडणार. जितक्या उंचावरून सोडावा तितका त्याला वाकडं व्हायला वेळ मिळतो, त्यात वारा असला तर विचारूच नका. एका मुलीची किक उजवीकडे भरकटली, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, “पाय ठीक होता. चेंडू पोटासमोरून आडवा आणलास.” मला पाय दिसला होता, त्यांना हात दिसला होता.

सरावाच्या सुरुवातीला म्हणूनच किक नसते. मुली ओळीने उभ्या राहतात आणि चेंडू नुसता हातातून जमिनीवर सोडतात. नीट सुटला तर टोकावर आपटून सरळ हाताशी परत येतो, जरा कललेला असला तर बेडकासारखा कुठेही उडी मारतो. वर्षानुवर्षं खेळलेल्या मुलीही हे करतात आणि गार पडलेल्या बोटांनी चुकतातही. पावसात कातडं बुळबुळीत होतं, तेव्हा तर जास्तच.

खरी फजिती होते नावडत्या पायाने. उजव्या बाजूने कोणी अंगावर येत असेल तर डाव्या पायाने किक मारता आलीच पाहिजे, नाहीतर प्रतिस्पर्धी तुम्हाला सहज एका कोपऱ्यात दाबतो. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले संशोधक केव्हिन बॉल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या किकांचं मोजमाप करून दाखवलं आहे की आवडत्या पायाने मारताना गुडघ्याखालचा भाग जास्त वेगाने फिरतो, तर दुसऱ्या पायाने मारताना नितंब आणि मांडीच्या जोरावर जास्त काम भागवलं जातं. म्हणजे अवघे पायच दोन वेगळ्या रीतींनी चालतात. त्यात भर म्हणजे हातही बदलावा लागतो. डाव्या पायासाठी चेंडू डाव्या हाताने खाली न्यायचा असतो आणि बहुतेक मुली सवयीने तो उजव्यानेच नेतात. मग चेंडू पडतो एकीकडे आणि पाय जातो दुसरीकडे. “डावा पाय कच्चा आहे” अशी तक्रार घेऊन येणारीला प्रशिक्षक आधी डाव्या हाताच्या कामाला लावतात.

झेल हे या खेळाचं दुसरं अंग. कुणी मारलेला चेंडू निदान पंधरा मीटर आला आणि मध्ये कुणाचाही हात न लागता झेलला, तर तो मार्क. खेळाडूला निवांत किक मारण्याचा हक्क मिळतो. 1970 च्या लीगच्या अंतिम सामन्यात कार्लटन क्लबच्या अ‍ॅलेक्स जेसाउलेंकोने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून घेतलेला मार्क अजूनही दाखवतात. चेंडूसाठी खरोखर झेप घेतली असेल तर गुडघा दुसऱ्याच्या पाठीला टेकलेला चालतो, हाताने ढकललं तर मात्र फ्री किक. सरावात अशा उड्या क्वचितच होतात. तिथे घोटून घेतात ते दोन अंगठे चेंडूमागे जवळ आणि बोटं फाकलेली ठेवणं, चेंडू चेहऱ्यासमोर, हात लांब करून घेणं, आणि त्याआधी अंगाने जागा अडवणं. प्रशिक्षक मागून पॅडने ढोसत राहतात आणि मुलगी चेंडूवरची नजर न हलवता उभी राहते.

त्याच 1970 च्या सामन्याने हँडबॉलचंही भवितव्य पालटलं. 1,21,696 प्रेक्षकांसमोर कार्लटन मध्यंतराला कॉलिंगवूडपेक्षा 44 गुणांनी मागे होतं. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना बजावलं, हँडबॉल करा, चेंडू हाताहाताने पुढे न्या. कार्लटन 10 गुणांनी जिंकलं. त्याआधी हँडबॉल म्हणजे बहुतेकांच्या लेखी अडचणीतून सुटण्याची पळवाट होती. चेंडू फेकायला मनाई आहे, एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारायचा. वरच्या पातळीवर मूठ चेंडूच्या पोटाखाली बसवतात. चेंडू उलटा फिरत जातो आणि घेणारीच्या पोटाशी अलगद येतो. ठोसा मारल्यावर मूठ कुठे थांबली, एवढं पाहून प्रशिक्षक चूक सांगतात.

या सगळ्यात सर्वांत शांत आणि सर्वांत छळणारा प्रकार म्हणजे सेट शॉट. मार्क घेतल्यावर गोलकडे तोंड करून किक मारायची, आडवं यायला कुणी नाही, घाई नाही. मधल्या दोन उंच खांबांतलं अंतर 6.4 मीटर. त्यांतून गेला तर 6 गुण, बाजूच्या छोट्या खांबांकडे गेला तर 1. व्यावसायिक खेळाडूला यासाठी 30 सेकंद मिळतात आणि ते 30 सेकंदच त्याला खातात. खेळाडूंचे वेग वाढले, अंगं कमावलेली झाली, पण सोप्या सेट शॉटच्या चुकांवर मेलबर्नची वर्तमानपत्रं दर हिवाळ्यात हळहळतच असतात. सराव वाढवावा तर क्लबांनाही मांड्यांचे स्नायू जपायचे असल्याने आठवड्याच्या किका मोजूनमापून दिल्या जातात. 1360 गोल करणारा टोनी लॉकेट हा पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये आजही सर्वोच्च. एसेंडनच्या मॅथ्यू लॉइडने 926 गोल केले. किकआधी गवताची चिमूट उडवून वारा पाहणं ही त्याची ठरलेली रीत. रीत कोणतीही असो, ती दर वेळी तीच हवी. पावलं तेवढीच, श्वास तसाच, आणि शेवटी हात मांडीपर्यंत सरळ रेषेत.

कोन फारच चिंचोळा असेल तर ड्रॉप पंट सोडून चेंडूला वळवणारी किक मारतात. अ‍ॅडलेडच्या एडी बेट्सने कोपऱ्यातून असे इतके गोल केले की अ‍ॅडलेड ओव्हलच्या त्या कोपऱ्याला चाहत्यांनी त्याचंच नाव दिलं. या किकेची गुरुकिल्लीही धरण्यात आहे. चेंडू उभा न धरता हातातच कलता धरायचा आणि कललेलाच सोडायचा. ड्रॉप पंटमध्ये जो दोष, तोच इथे मोजून वापरायचा.

सराव संपता संपता तिघींचा एक खेळ असतो. एक मोकळ्या जागेकडे धाव घेते, दुसरी मागून तिचा पाठलाग करते, तिसरी किक मारते. किकेचे दहापैकी गुण प्रशिक्षक देत नाहीत, झेलणारी देते. परवा भाचीने मारलेली किक दिसायला देखणी होती, सरळ रेषेत तीसेक मीटर, फिरकीही झकास. चेंडू झेलला गेला. गुण मिळाले सहा.

“मावशी, तू बघितलंस ना? सरळ गेली होती की नाही?” ती कुंपणाकडे बघून ओरडली. गेली तर सरळच होती. प्रशिक्षकांनी झेलणारीला कारण विचारलं. ती म्हणाली, “मला थांबावं लागलं.” थांबली की पाठलाग करणारी पोचते आणि सामन्यात तो झेल पडतो. किक धावणारीच्या पुढे, तिच्या छातीच्या उंचीवर आणि पाठलाग करणारीपासून दूरच्या अंगाला पडायला हवी होती. त्यासाठी चेंडू सोडायच्या आधी मान वर करून तिचा वेग जोखावा लागतो आणि हाताला तिथून पुढचं काम न बघता करता यावं लागतं. घोटून घोटून हात पक्का करतात तो यासाठीच. डोळे चेंडूवर अडकून राहिले तर मैत्रीण दिसणार कशी?

भाची कुरकुरत रांगेत गेली. पुढच्या खेपेला तिने मान वर केली, किक जरा ओबडधोबडच गेली, पण झेलणारी धावता धावता ती घेऊन पुढे निघून गेली. “आठ!” पलीकडून आवाज आला. भाचीने कमरेवर हात ठेवून विचारलं, “आणि उरलेले दोन?”